पाचशेच्या पुढचा नंबर

मुजावर मॅडमच्या पत्राला मी पाच वर्षं उत्तर दिलं नाही. द्यायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. दर वेळी कागद पुढे ओढायचो, 'सप्रेम नमस्कार' लिहायचो आणि पुढचं वाक्य मनात तपासून बघता बघता चहाची वेळ व्हायची. चहा झाला की वाटायचं, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला त्रास द्यायचा त्यांना.

पत्र लहानसं होतं. मॅडम निवृत्तीनंतर लातूरला रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांना शिकवायला जातात. त्यांनी लिहिलं होतं, "हेर्लेकर, आपण नव्या इमारतीत गेलो त्या दिवसाची गोष्ट मी दर तुकडीला सांगते. त्यात तुम्ही म्हणता, 'मॅडम, थांबवा.' तेवढं मी फळ्यावरही लिहिते. परवा एका मुलीनं विचारलं, ते खरंच असं म्हणाले होते का? मी 'हो' म्हणून मोकळी झाले. पण तेव्हापासून मनात खुटखुटतंय. त्या गोंधळात मी नीट ऐकलं होतं का? तुम्हीच सांगा."

ते मिरजेत घडलं. आमच्या रक्तपेढीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. दारात मांडव, झेंडूची तोरणं, लाउडस्पीकरवर सनई. मी आत संगणकाच्या खोलीत चष्मा पुसत बसलो होतो.

"हेर्लेकर, आज तरी तोंड हसरं ठेवा," मुजावर मॅडम दारातून म्हणाल्या. "लोकांना वाटेल पेढीचं उद्घाटन आहे की दहावा."

डॉक्टर परवीन मुजावर पेढीच्या प्रमुख होत्या. ठेंगणा बांधा, खणखणीत आवाज. मिरजेच्या किल्ल्याजवळ वाढलेली बाई, बोलायला लागली की समोरच्याला माघार घ्यायलाच लागायची. मला त्यांची भीती वाटायची आणि त्या रजेवर असल्या की करमायचं नाही. मी मूळचा कारकून. संगणक आला तेव्हा साहेबांनी विचारलं, कोण शिकणार? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी पुस्तकं वाचायचो. तेव्हापासून पेढीचा डेटाबेस माझ्याकडे होता. आपल्याला तो खरंच येतो का, ही शंकाही तेव्हापासूनच माझ्याकडे होती. कुलूप लावून दोनदा ओढून बघायची सवय मला होती आणि त्यावरून सगळे हसायचे.

नव्या इमारतीत नवा सर्व्हर बसवला होता. काही आठवडे जुन्या इमारतीतला आणि नवा असे दोन्ही जोडीनं चालत होते. जुन्यावर नोंद पडली की तिची नक्कल लगेच नव्यावर उमटायची. रक्तदात्याचं नाव, गट, तपासण्या, सगळं आपोआप यायचं. एक गोष्ट मात्र त्या वाटेनं येत नव्हती. ती म्हणजे पिशवीला द्यायचा पुढचा नंबर. दवाखान्यात टोकन देणारा माणूस असतो ना, त्याच्या वहीची झेरॉक्स काढता येते. पण पुढचं टोकन कितवं हे त्याच्या डोक्यात असतं, ते त्यालाच विचारावं लागतं. तसा पुढचा नंबर जुन्या सर्व्हरला विचारून नव्याला हातानं सांगायचा होता. मग जुना बंद आणि नवा सुरू.

आमच्याकडे त्या नंबराला फार मान. रक्ताची पिशवी म्हणजे तो नंबर. गट कोणता, कावीळ आहे का, एड्स आहे का, सगळे अहवाल त्या नंबरावर चढतात. दोन पिशव्यांवर एकच नंबर पडला, तर एकीचा अहवाल दुसरीच्या नावावर जाणार. पुढे काय होईल ते रक्तपेढीत काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

सकाळी मी जुन्याचा नंबर वाचला होता. सर्व्हर बसवणाऱ्या कंपनीचा संकेत बाफना माझ्या शेजारी होता. हुशार, तरतरीत मुलगा, बुटांना चकाकी. त्यानं तो नंबर नव्याला सांगितला, पण पाचशे वाढवून.

"मधल्या वेळात जुन्यानं काही नंबर दिले असतील तर असावेत म्हणून, सर," तो म्हणाला. "सगळीकडे असंच करतो आम्ही. कधी काही झालं नाही."

मग त्यानं नव्या इमारतीतलं पहिलं स्टिकर छापलं. पेढीचे अध्यक्ष तात्यासाहेब चौगुले स्वतः पहिलं रक्तदान करणार होते. त्यांच्या पिशवीवर ते स्टिकर लावून पिशवी एका तबकात, फुलाशेजारी ठेवली गेली. फोटोसुद्धा निघाला.

सगळं झालं होतं. मी उठायचं. पण कुलूप ओढून बघायची सवय. मी जुन्या सर्व्हरचा नंबर परत एकदा वाचला.

तो दोनशेनं पुढे गेला होता.

नोंदी बघितल्या. एकही नवी नोंद नव्हती. म्हणजे दोनशे नंबर कुणीतरी घेतले होते आणि त्यातली एकही पिशवी कागदावर आलेली नव्हती. मी दोन्ही आकडे कागदावर मांडून परत वजाबाकी केली आणि मग लक्षात आलं.

गाड्या!

शिबिराची गाडी जुन्या इमारतीतून निघताना नंबरांचा गठ्ठा घेऊन निघायची. गावाकडं इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून स्टिकर आधीच छापून घ्यायचे. पिशव्या संध्याकाळी यायच्या तेव्हा नोंदी व्हायच्या. रोज एक गाडी जायची. आज उद्घाटन म्हणून तात्यासाहेबांनी गावोगावी शिबिरं लावली होती. किती गाड्या निघाल्या, कुणी किती मोठा गठ्ठा घेतला, आणखी कुणी घेणार आहे का, यातलं काहीच मला इथं बसून दिसत नव्हतं. मी वाचलेला नंबर वाचून होईपर्यंतच शिळा होत होता.

जुन्या इमारतीत मारुती सुतार होता, आमचा तंत्रज्ञ. त्याला फोन लावला. कुणी उचलेना.

मी मांडवात गेलो. तात्यासाहेब खुर्चीत आडवे होऊन बाही वर करून बसले होते. शेजारी मुंबईहून आलेले पाहुणे, गळ्यात हार. पेढीला एक महागडं यंत्र देणगी द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. मॅडम माईकजवळ होत्या. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. खाकरलो. सनईत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. शेवटी मी त्यांच्या पदराला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं.

त्यांनी वळून बघितलं, माझा चेहरा बघितला आणि मला बाजूला नेलं. मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही. गाड्या, गठ्ठे, दोनशे, असं काहीतरी उलटसुलट. पण त्यांना कळलं. त्यांनी बाफनाला हाक मारली.

"बाफना, तुम्ही पाचशे सोडलेत. पुरतील?"

"शंभर टक्के, मॅडम. वाटलं तर पाच हजार सोडतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि सरकारी माणसं तपासणीला आली की विचारणार, मधल्या पाच हजार पिशव्या कुठं गेल्या? एकेका नंबराचा जाब द्यावा लागतो आम्हाला. शिवाय पाच हजार पुरतील हे तरी कुणी सांगितलं तुम्हाला?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "हेर्लेकर, तुम्ही सांगा. पाचशे पुरतील का?"

लाउडस्पीकरवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. मी जेमतेम तीन शब्द बोललो. माझे मलाच ते फार लहान वाटले. बाफनानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अहो सर, असं काय बोलता!"

मॅडम सरळ तात्यासाहेबांच्या खुर्चीकडे गेल्या.

"तात्यासाहेब, बाही खाली करा. आत्ता रक्त घेता येणार नाही."

"का वो? माझ्या रक्ताला काय झालं?"

"तुमच्या रक्ताला काही नाही. आमच्या नंबराची खात्री नाही."

"अहो मॅडम, पाहुणे बसल्यात! त्यांची विमानाची वेळ हाय. एक पिशवी घ्या, मग काय घालायचा तो घोळ घाला."

"एक पिशवीच नाही घेता येणार. तासभर लागेल."

"तासभर?" तात्यासाहेब उठून बसले. "लोकांपुढं काय सांगू मी?"

"तुम्ही काही सांगू नका. मी सांगते." आणि त्यांनी माईक घेतला. "नमस्कार मंडळी. सनई चालू द्या, चहा चालू द्या. रक्तदान थोड्या वेळानं सुरू होईल. उशीर माझ्यामुळे होतोय. शिव्या द्यायच्या असतील तर नाव लक्षात ठेवा, डॉक्टर परवीन मुजावर."

लोक हसले. पाहुणे हसले नाहीत.

बाहेर येऊन मॅडमनी स्कूटरला किल्ली लावली. "बसा मागे."

"मी रिक्षानं येतो."

"हेर्लेकर, लाजायला वेळ नाही. बसा."

मी बसलो. धरायचं कुठं ते कळेना, म्हणून मागच्या स्टेपनीला घट्ट धरून बसलो. बाजारातून जाताना ओळखीच्या तिघाचौघांनी मला बघितलं. तंतुवाद्यांच्या दुकानांपाशी एक बैलगाडी आडवी होती. मॅडमनी गाडीवानाला जे सुनावलं ते इथं लिहिता येणार नाही.

"मला एक सांगा," वाऱ्यात त्या ओरडून म्हणाल्या. "इथूनच जुना सर्व्हर बंद करता आला नसता का?"

"आला असता," मीही ओरडलो. "पण सुतारनं नंबर घेतलेला असेल, सुई टोचलेली असेल, आणि नोंद व्हायची असेल. मधेच बंद केला तर ती पिशवी लटकेल."

"म्हणजे हातातलं पुरं करायचं, नवं घ्यायचं नाही."

"हो. आणि सगळे थांबले की मग वाचायचं. आधी नाही."

"बघा, किती सोपं सांगता," त्या म्हणाल्या. "तिथं मांडवात का नाही बोललात असं?"

मी स्टेपनी धरून बसलो.

जुन्या इमारतीत जत्रा भरली होती. कॉलेजची पोरं रांगेत, सगळ्या खाटा भरलेल्या, सुतारचं एक बोट कीबोर्डवर आणि कानाला फोन. दुसरी दोघं स्टिकर फाडत होती.

"सुतार, फोन का उचलत नाही?"

"उचललाय की मॅडम, दुसरा हाय ह्यो. बेडगच्या शिबिरावरनं शंकर बोलतोय, रांग बघून म्हणतोय, स्टिकर कमी पडणार. त्याला आणि पन्नास—"

"हात वर!" मॅडम गरजल्या.

सुतारनं फोन टाकून दोन्ही हात वर केले. बाकीच्या दोघांनीही केले. पोरं गप झाली. खाटेवरचा एक पोरगा मान उचलून म्हणाला, "मॅडम, मीपण करू? सुई हाय पण."

"तू गप झोप. पिशवी भरू दे तुझी." मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. "ऐका सगळे. ज्याच्या हातात सुई आहे त्यानं ती पिशवी पुरी करायची, नोंद करायची आणि परत हात वर. नवा नंबर कुणी घ्यायचा नाही. शंकरला सांगा, जेवून घे. कीबोर्डला बोट लागलं तर बोट माझं."

एकेक पिशवी भरत गेली. एकेक नोंद पडत गेली. एकेक माणूस काम संपवून हात वर करून उभा राहत गेला. रांगेतल्या पोरांनाही त्यात गंमत वाटायला लागली, त्यांनीही हात वर केले. मी बाजूच्या संगणकावर बसून शेवटची नोंद नव्या सर्व्हरवर पोचल्याचं बघितलं. मग नंबर वाचला. थांबलो. परत वाचला.

"हललाय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"परत बघा."

"तोच आहे."

"झालं समाधान?"

"एकदा आणखी बघू का?"

"बघा," त्या म्हणाल्या, आणि हात वर करून उभ्या असलेल्या त्या सगळ्यांना म्हणाल्या, "कुणी हलू नका रे. हेर्लेकरांना आणखी एकदा बघायचंय."

कुणी हसलं नाही. तेवढ्या गर्दीत ती खोली अशी शांत झाली की मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता. तो नंबर पडद्यावर स्थिर उभा होता. सकाळपासून पहिल्यांदा.

मी सकाळचा आकडा त्याच्यातून वजा केला. गाड्या तीन निघाल्या होत्या. सुतारनं प्रत्येकीला दोनशेचा गठ्ठा दिला होता, आणि त्याशिवाय इथली पोरं. मी मॅडमना वजाबाकी दाखवली. त्या बाकावर बसल्या. पाणी मागितलं. दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "नव्याला सांगा. आणि ह्या जुन्याचं तोंड बंद करा, कायमचं."

मी जुना सर्व्हर बंद केला. नव्याला खरा नंबर सांगितला. मगच मॅडमनी हात खाली करायला परवानगी दिली.

परत आलो तेव्हा मांडव अर्धा रिकामा झाला होता. पाहुणे निघून गेले होते आणि जाताना यंत्राबद्दल काही बोलले नव्हते. तात्यासाहेब लाल झाले होते.

"कुणाच्या सांगण्यावरनं केलंत हे? ह्या कारकुनाच्या?"

मी तोंड उघडलं होतं. मॅडमनी माझ्यासमोर हात धरला.

"माझ्या मनानं केलं. ह्यांना मी विचारलं, ह्यांनी खरं सांगितलं. थांबवायचं मी ठरवलं. तुम्हाला माझ्याकडून खुलासा पाहिजे तर लेखी देते."

"द्या," तात्यासाहेब म्हणाले. "लेखीच द्या. आणि खुर्ची सांभाळा."

संध्याकाळी शंकरची गाडी बेडगहून आली. खोक्यातून पिशव्या निघायला लागल्या. मॅडम स्वतः एकेक पिशवी हातात घेऊन नंबर वाचत होत्या. मला वाटलं, दमल्या असतील, मी घेतो. तेवढ्यात त्या थांबल्या. एक पिशवी बाजूला ठेवली. मग शीतपेटीजवळच्या त्या तबकातून सकाळची रिकामी पिशवी आणून तिच्या शेजारी ठेवली.

एक भरलेली, लालभडक. बेडगच्या एका शेतमजूर बाईची. दुसरी रिकामी, तात्यासाहेबांच्या नावाची. दोन्हींवर तोच नंबर. पाचशेच्या पुढचा पहिला.

शंकर म्हणाला, "हे कसं झालं? ही पिशवी आधी भरली असती, तर मी नोंद करायला बसल्यावर सर्व्हर म्हणाला असता, नंबर आधीच हाय. मी म्हटलं असतं, असंल, आणि त्याच्यावरच लिहिलं असतं."

मॅडमनी तात्यासाहेबांना बोलावलं. ते घुश्शातच आले. टेबलावर बघितलं. वाकून दोन्ही नंबर वाचले, एकेक आकडा बोटानं दाखवत. मग रिकामी पिशवी उचलून हातात धरली.

"मॅडम, माझं रक्त घेतलं असतं तर?"

"तुमचा अहवाल तिच्या नावावर गेला असता. किंवा तिचा तुमच्या."

"माझा गट ए. हिचा?"

"बी."

तात्यासाहेबांनी पिशवी हळूच परत ठेवली. जणू भरलेली असावी. "लेखी नको," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "यंत्राचं बघतो मी." आणि गेले.

बाफना दारात उभा होता. तो माझ्याजवळ आला. "सर, आधी थांबवायचं, मग वाचायचं. एवढंच ना?" मी मान हलवली. त्यानं ते मोबाईलमध्ये टिपून घेतलं. चांगला मुलगा होता.

मॅडमनी त्या रिकाम्या पिशवीवरचं स्टिकर अलगद सोलून काढलं आणि फाडून टाकलं. "आता हा नंबर तिचा," त्या म्हणाल्या.

इतकंच. त्यानंतर आम्ही दोघं आणखी काही वर्षं एकत्र काम केलं, आणि त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही.

गेल्या महिन्यात कुमुदच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कमरेचं ऑपरेशन झालं. रक्त चढवावं लागलं. मी खाटेशेजारी बसलो होतो आणि वर टांगलेल्या पिशवीवरचा नंबर वाचत होतो. कागदावरचा वाचला. परत पिशवीवरचा वाचला.

"काय वाचताय एवढं?" कुमुदनं डोळे न उघडता विचारलं.

"नंबर."

"चष्मा तरी लावा."

चष्मा लावून वाचला. तोच होता. मी तिचा हात धरून बसलो. पिशवी संपेपर्यंत.

घरी आल्यावर कागद पुढे ओढला. या वेळी चहाच्या आधीच संपवलं. उत्तर असं आहे:

"सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र मिळून पाच वर्षं झाली. उशीर झाला, क्षमा करा. त्या मुलीला सांगा, की मी 'थांबवा' म्हणालो नव्हतो. तेवढं धाडस माझ्यात कुठलं. तुम्ही विचारलंत, पाचशे पुरतील का. मी म्हणालो, 'मला माहीत नाही.' बाफनाला शंभर टक्के माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं, आणि तुम्ही पाहुण्यांसमोर, सगळ्या मांडवासमोर, माहीत नसलेल्या माणसाचं ऐकलंत. 'थांबवा' तुम्ही म्हणालात, मॅडम. फळ्यावर लिहायचं तर दोन्ही वाक्यं लिहा, आणि माझं आधी लिहू नका. कुमुदला रक्त चढलं. नंबर बरोबर होता. आपला, यशवंत हेर्लेकर."

पाकीट बंद केलं. पत्ता दोनदा वाचला, मग उघडून आतलं पुन्हा वाचावंसं वाटलं, पण गोंद सुकला होता. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. पेटीच्या तोंडात पाकीट घालून ते धरून उभा राहिलो. सोडलं की सुटलंच, परत बघता येणार नाही.

"काका, काय झालं? अडकलंय का?" इस्त्रीवाल्या बाईनं विचारलं.

"नाही, नाही," म्हणालो, आणि दोन्ही हात वर केले.

आत पाकीट पडल्याचा आवाज आला.

मी आणखी एकदा बघितलं नाही.